तबकडीवर डग्गा ऐकूच येईना, बेस नेमका जातो कुठं?

परभणीकर | ११ मे, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. मुक्काम परभणी. बाबांकडं दीडेकशे एलपी आहेत. निम्म्याहून जास्त शास्त्रीय, बाकी नाट्यसंगीत आणि कव्वाल्या. पंधरा-सोळा वर्षं लोखंडी पेटीत पडून होत्या. या उन्हाळ्यात सगळं बाहेर काढलं. टर्नटेबल जुनाच आहे. त्याला नवा बेल्ट घातला, कार्ट्रिज (पिनची थरथर विजेत बदलणारा भाग) गेलं होतं ते एका कारागिराकडून बदलून घेतलं (मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे चुंबकावर चालणारं). अँप्लिफायर सेकंडहँड आहे, स्पीकर आठ इंची वूफरचे, स्टुलांवर ठेवलेले.

अडचण अशी की आवाज येतो, मोठाही येतो, पण त्याला अंगच नाही. तबल्याची चाट कडक वाजते आणि डग्गा गायब. तंबोरा म्हणजे नुसती तारांची झणझण, खर्ज नाहीच. गाणारा समोर बसलाय असं वाटत नाही, आवाज डोक्याभोवती कुठंतरी पसरल्यासारखा येतो. बेसचं बटण शेवटपर्यंत फिरवलं, काडीचा फरक नाही.

बाबांचं वय ७८. पहिल्या दिवशी पाच मिनिटं ऐकलं आणि उठताना म्हणाले, "ही माझी रेकॉर्ड नाही." ते मनाला लागलंय. कुठून तपासायला सुरुवात करू?

---

मोंढ्यातला | ११ मे, रात्री १०:०५

आधी एकच सांगा. टर्नटेबलची वायर अँप्लिफायरच्या फोनो सॉकेटमध्ये (खास टर्नटेबलसाठीचं) आहे की ऑक्समध्ये (मोबाईल वगैरे जोडायचं साधं)? दहातल्या सात जणांचं दुखणं तिथंच निघतं.

कारण असं. एलपी कापतानाच बेस मुद्दाम बारीक करून कापतात आणि वरचे सूर मोठे करून कापतात. बेसचा खरा झोका तबकडीवर उतरवायचा म्हटलं तर खाच इतकी रुंद लागेल की एका बाजूला वीस-बावीस मिनिटांचं गाणं मावणारच नाही. वरचे सूर वाढवतात ते खरखर दाबण्यासाठी. याचं माप १९५४ पासून ठरलेलं आहे, त्याला आरआयएए कर्व्ह म्हणतात. १००० हर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झचा सूर साधारण १७ डेसिबल कमी, म्हणजे सातव्या हिश्शाएवढा कापलेला असतो. फोनो सॉकेटच्या आतलं सर्किट हे सगळं बरोबर उलटं करतं. ऑक्सला जोडलं तर ते सर्किट मध्ये येतच नाही, मग डग्गा कुठून येणार?

---

परभणीकर | ११ मे, रात्री १०:२०

फोनोमध्येच आहे. दोनदा बघितलं.

---

वैशाली_जालना | ११ मे, रात्री १०:३१

त्याच अँप्लिफायरला, त्याच स्पीकरवर, मोबाईल ऑक्समधून लावून बघा. तिथं बेस आला तर स्पीकर आणि पुढचा अँप्लिफायर सुटला, आणि शोध टर्नटेबलकडच्या निम्म्या भागात राहिला. नाही आला तर टर्नटेबलला हात लावायचं कारणच नाही. मी प्रयोगशाळेत काम करते, आमच्याकडं बिघाड असाच शोधतात, अर्ध्यात कापत कापत.

---

गोदाकाठ | ११ मे, रात्री ११:१२

नांदेडहून. माझंही दुखणं हेच, पण माझा प्लेअर वेगळा आहे. आजोबांचा सूटकेससारखा मिटणारा. त्याचा आतला स्पीकर फाटला म्हणून कार्ट्रिजच्या वायरी काढून ब्लूटूथ स्पीकरच्या ऑक्सला दिल्या. आवाज भरपूर येतो, फोनो सर्किटची गरजच पडली नाही. पण असा येतो की जणू गाणं पत्र्याच्या डब्यात बसलंय. धागा पळवत नाही, माझं नंतर बघा.

---

निवांत | १२ मे, सकाळी ७:५०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. जुन्या रेकॉर्डमध्ये बेस नव्हताच. त्या काळची यंत्रंच तशी. आपल्या कानाला आता सबवूफरची सवय झाली आहे. आहे तसं ऐका, त्यातही गोडी आहे.

---

रेडिओकाका | १२ मे, सकाळी ८:३५

निवांत, तुमचं म्हणणं अर्ध्या भागापुरतं खरं आहे, पण दुसऱ्याच तबकड्यांबद्दल. १९२५ च्या आधी रेकॉर्डिंगला मायक्रोफोन वापरतच नव्हते. गवई भोंग्यात तोंड घालून गायचा आणि त्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणात खाच काढायची. त्या लाखेच्या तबकड्यांवर खालचे सूर खरंच फारसे नाहीत. पण एलपी ही नंतरची गोष्ट. तिच्यात डग्ग्याची मींडसुद्धा उतरलेली आहे, तळहात घासत नेलेला ऐकू येतो. माझं शहागंजात तीस वर्षं दुरुस्तीचं दुकान होतं. "जुन्यात बेस नसतो" म्हणून परत जाणारी कितीतरी गिऱ्हाइकं मी थांबवून ऐकवली आहेत.

परभणीकर, तुम्ही एक वाक्य लिहिलंय ते बेसपेक्षा महत्त्वाचं आहे: आवाज डोक्याभोवती पसरल्यासारखा येतो. ते विसरू नका. आधी वैशालीताईंनी सांगितलेली परीक्षा करा.

---

सोयाबीन | १२ मे, सकाळी ९:१५

डग्गा गायब आणि चाट शिल्लक! आमच्या गावच्या भजनात बरोबर उलटं आहे. पखवाज एवढा जोरात की अभंग कोणता चाललाय ते विचारून घ्यावं लागतं. दोघं मिळून एक कार्यक्रम करू.

---

परभणीकर | १२ मे, दुपारी २:१०

मोबाईल लावून बघितला. बेस भरपूर. स्टूल हादरलं.

म्हणजे वैशालीताई म्हणतात तसं, दोष टर्नटेबल, कार्ट्रिज, वायर किंवा फोनो सर्किट यातच. इथं आज ४३ अंश आहे, रबर-बिबर वितळलं असेल का? की पिनवर धूळ?

---

मोंढ्यातला | १२ मे, दुपारी २:४५

धुळीनं वरचे सूर बसतात, आवाज घोगरा आणि फाटका होतो. तुमची चाट कडक वाजते म्हणताय, म्हणजे पिन स्वच्छ आहे. रबराची शंका मात्र रास्त. पिनच्या दांडीमागं बारीक रबर असतं, ते वर्षानुवर्षं पडून कडक होतं. पण तुमचं कार्ट्रिज नवीन आहे ना?

---

परभणीकर | १२ मे, दुपारी ३:००

नवीन. डबी फोडताना मी समोर होतो.

---

किल्लारीकर | १२ मे, रात्री ९:२२

मी जरा दुसरंच सांगूलालो, पण विषयाला धरूनच आहे.

आमचं जुनं घर दगड-मातीचं होतं. भिंती अडीच-तीन फूट जाड, वर माळवद. आजोबा ढाळजेत प्लेअर लावायचे, आणि संबळ वाजला की तो पाठीला टेकलेल्या भिंतीतनं जाणवायचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ते घर गेलं. प्लेअर सापडला नाही. रेकॉर्डचं लाकडी खोकं ढिगाऱ्यातनं निघालं, १४ तबकड्या शाबूत. कैक वर्षांनी पाहुण्याकडून प्लेअर आणून नव्या घरात त्यातली पहिली लावली. वर पत्रे, पातळ भिंती, दोन खिडक्या उघड्या. संबळ नुसता टकटक. आई म्हणाली, रेकॉर्ड पण दबली वाटतं. तीच रेकॉर्ड पुढं औशाला मावशीच्या जुन्या वाड्यात वाजवली आणि संबळ परत आला. जड भिंत बेस आत ठेवते, पत्रा आणि उघडी खिडकी त्याला बाहेर जाऊ देते. म्हणून म्हणतो, खोलीला विसरू नका.

---

वैशाली_जालना | १२ मे, रात्री ९:५०

किल्लारीकर, वाचून थांबायला झालं. त्या १४ तबकड्या जपा.

खोलीचा मुद्दा खरा आहे, पण परभणीकरांच्या त्याच खोलीत मोबाईलचा बेस नीट येतोय. म्हणून आत्ता पहिला संशय खोलीवर नको.

---

बीडचा_बाळू | १३ मे, सकाळी १०:०५

एवढं डोकं कशाला? दहा पट्ट्यांचा इक्वलायझर घ्या, खालच्या तीन पट्ट्या वर ढकला, विषय संपला. मी तेच केलंय.

---

रेडिओकाका | १३ मे, सकाळी ११:२०

बाळू, तुझ्याकडं तेवढ्यानं भागलं असेल. पण दोन बैल एकमेकांच्या विरुद्ध ओढत असतील तर दोघांना जास्त पेंड घालून गाडी हलत नाही. माझा संशय आता तिकडं चाललाय. शिवाय बेस ढकलला की मोटारीची घरघर आणि वाकलेल्या तबकडीचा हेलकावाही ढकलला जातो. वूफरचा कागद पुढंमागं हलताना दिसतो, ऐकू मात्र काहीच येत नाही.

परभणीकर, अँप्लिफायरवर मोनोचं बटण (डावा-उजवा आवाज एकत्र करणारं) आहे का? असेल तर बाबांची एखादी जुनी, मोनो काळातली (दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेली) एलपी लावा आणि ते दाबा. काय होतं ते जसंच्या तसं लिहा.

---

परभणीकर | १३ मे, रात्री ८:४८

काका, अंगावर काटा आला.

मोनो दाबलं आणि गाणं गेलं. कमी झालं असं नाही, गेलंच. तबकडी फिरतेय, पिन खाचेत आहे, आणि स्पीकरमधून फक्त खरखर आणि अधूनमधून टिकटिक. बटण सोडलं की गाणं परत. चार वेळा केलं. बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, गवई उठून गेला आणि बैठक तशीच राहिली.

हे काय आहे?

---

रेडिओकाका | १३ मे, रात्री ९:३०

सापडलं. तुमचं एक चॅनेल उलटं आहे.

नीट समजून घ्या, म्हणजे पुढं कुणी फसणार नाही. एलपीच्या खाचेला दोन भिंती, एक डावीकडचा आवाज, दुसरी उजवीकडचा. जे दोन्हींत सारखं असतं, त्यानं पिन आडवी हलते. जे वेगळं असतं, त्यानं खालीवर. बेस जवळजवळ नेहमी दोन्ही बाजूंना सारखाच ठेवतात, कारण बेसचा मोठा झोका खालीवर कापला तर पिन खाचेतून उडेल. आता एका बाजूच्या दोन तारा उलट्या झाल्या, की डावा वूफर पुढं येतो त्याच क्षणी उजवा मागं जातो. एक हवा ढकलतो, दुसरा तीच हवा ओढतो. लांब लाटेचे सूर, म्हणजे बेस, तुमच्या कानापर्यंत येईतो एकमेकांना खाऊन टाकतात. आखूड लाटेचे सूर पूर्ण खाल्ले जात नाहीत, म्हणून चाट कडक आणि डग्गा गायब. गवई पसरल्यासारखा वाटतो तोही यामुळंच.

मोनो बटण दोन्ही बाजू तारेतच एकत्र करतं, म्हणून तिथं सगळं गाणंच कटतं. खरखर उरते, कारण धूळ आणि ओरखडे दोन्ही भिंतींवर सारखे नसतात.

मोबाईल नीट वाजतो, म्हणजे स्पीकरच्या वायरी सरळ आहेत. उलटापालट कार्ट्रिजच्या मागं झाली असणार, बदलताना. तिथं चार पिना असतात. लाल म्हणजे उजवा धन, हिरवी उजवा ऋण, पांढरी डावा धन, निळी डावा ऋण. भिंगातून बघून सांगा.

---

परभणीकर | १३ मे, रात्री ९:५२

बॅटरी आणि बाबांचं वाचायचं भिंग घेऊन बघितलं. कार्ट्रिजच्या मागं पिनांना रंगांचे ठिपके आहेत. लाल ठिपक्यावर लाल तार, हिरव्यावर हिरवी. पांढऱ्या ठिपक्यावर निळी. निळ्यावर पांढरी.

आता काढू का हाताने?

---

रेडिओकाका | १३ मे, रात्री १०:०१

थांबा! रात्री घाईनं नको. उद्या उजेडात करा. अँप्लिफायर बंद. वाजवणाऱ्या पिनवर टोपी चढवा. हेडशेल (कार्ट्रिज धरणारं पुढचं टोक) निघत असेल तर काढून टेबलावर पांढऱ्या कापडावर घ्या, तारेच्या टोकाची टिकली पडली तरी दिसेल. बारीक चिमट्यानं टिकलीला धरायचं, तारेला नाही. तार ओढली की टाक्यातून तुटते. टिकली ढिली वाटली तर आधी बाहेर काढून, टाचणी आत धरून हलकेच दाबा. आणि कार्ट्रिजच्या मागच्या पिनांना सोल्डरिंग आयर्न लावू नका, म्हणजे डागायचं नाही. उष्णता आत जाऊन केसासारख्या तारेचं वेटोळं जातं. मल्टिमीटरही लावू नका.

---

सोयाबीन | १३ मे, रात्री १०:१५

सगळा जिल्हा जागा आहे, उद्या निकाल लावा.

---

किल्लारीकर | १३ मे, रात्री १०:४०

स्पीकर उलटा आहे का सरळ हे ज्यांना तपासायचंय त्यांच्यासाठी. स्पीकरची वायर अँप्लिफायरमधून काढायची आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवायचा, धन टोक लाल तारेला. वूफरचा कागद बाहेर आला पाहिजे. दुसऱ्यालाही तसंच. एक बाहेर आणि एक आत गेला तर तारा बदला. मामांनी भजनी मंडळाचे स्पीकर असेच लावलेले मी लहानपणी बघितलेत.

---

परभणीकर | १४ मे, दुपारी १२:३०

झालं.

सकाळी सातला उठून केलं. टिकली तांदळाच्या कणीएवढी. निळी निघाली, पांढरी अडकून बसली होती, दहा मिनिटं गेली. मग दोघींची अदलाबदल केली. आधी मोनो दाबून बघितलं: गाणं जागेवर, फक्त मधोमध गोळा झालं. मोनो सोडलं, बेसचं बटण शून्यावर आणलं आणि बाबांना न सांगता त्यांची विलंबित ख्यालाची एलपी लावली.

ते आत पेपर वाचत होते. तंबोरा सुरू झाला तेव्हाच पेपराची सळसळ थांबली. तबल्याची पहिली सम आली, डग्ग्याचा घुमारा जमिनीवरून आल्यासारखा आला, आणि बाबा दारात उभे. काही बोलले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि डाव्या हाताची बोटं मांडीवर डग्ग्यासारखी चालायला लागली. २२ मिनिटांची बाजू संपेपर्यंत उठले नाहीत. मग म्हणाले, "पालट."

काका, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही. वैशालीताई, किल्लारीकर, मोंढ्यातला, सगळ्यांचेच. आणखी एक, पूर्वी मागं जी बारीक गुंईं यायची तीही जवळजवळ गेली. तिचा याच्याशी संबंध आहे?

---

रेडिओकाका | १४ मे, दुपारी १:१५

आहे. काही कार्ट्रिजमध्ये एका चॅनेलची ऋण पिन त्याच्या धातूच्या अंगाला जोडलेली असते. तार उलटली की ते अंग धन बाजूला जातं आणि घरातल्या विजेची गुणगुण उचलतं. तुमचं तेच झालं असणार.

त्या कारागिरावर राग धरू नका. तिथली जागा बोटभर आणि रंग उडालेले. चूक एवढीच की बसवल्यावर मोनो करून ऐकलं नाही. मी शिकाऊ पोरांना पहिलं तेच शिकवायचो.

आणि "पालट" वाचून माझे डोळे भरले, हे लिहून ठेवतो.

---

बीडचा_बाळू | १४ मे, दुपारी ३:४०

काका, मीही घरी मोनो दाबून बघितलं. माझं गाणं जागेवरच राहिलं, पण इक्वलायझर काढल्यावर कळलं की माझा प्लेअर ऑक्सला आहे आणि फोनो सर्किट कुठंच नाही. आवाजही म्हणूनच पुरत नव्हता. आता वेगळा फोनो प्रीअँप मागवतो.

---

मोंढ्यातला | १४ मे, संध्याकाळी ५:०५

बघा, आवाज पुरत नव्हता हीच त्याची खूण. मूव्हिंग मॅग्नेटमधून ४-५ मिलिव्होल्टच निघतात, फोनो सर्किट ते शंभर पट करतं. घेताना ४७ किलोओहमचं, मूव्हिंग मॅग्नेट असं लिहिलेलं घ्या. तुमच्या प्लेअरच्या मागं फोनो आणि लाईन असा खटका आहे का ते आधी बघा, नव्या बऱ्याच प्लेअरमध्ये सर्किट आतच असतं. असेल तर खटका लाईनवर करा, पैसे वाचले.

---

गोदाकाठ | १४ मे, रात्री ८:२०

आता माझं घ्या हो. फोनो सर्किट नाही, तरी आवाज भरपूर, आणि बेस नाही. बाळूच्या उलटं.

---

रेडिओकाका | १४ मे, रात्री ९:१०

तुमचं कार्ट्रिज सिरॅमिक असणार. त्या काळच्या सूटकेस प्लेअरमध्ये बहुधा तेच. त्यात चुंबक नसतो, दाबला की वीज देणारा खडा असतो. आवाज मोठा निघतो, आणि आरआयएएचं उलटं काम तो स्वतःच बरंचसं करतो. पण त्याला समोर दहा लाख ओहमच्या आसपास इनपुट लागतं. तुमच्या स्पीकरचं ऑक्स दहा-वीस हजारांचं. खडा कपॅसिटरसारखा वागतो, कमी ओहमसमोर त्याचा बेस गळून जातो. तुमचा डबा तिथं आहे.

स्वस्त उपाय म्हणजे प्रत्येक चॅनेलच्या धन तारेत एक मेगओहमचा रेझिस्टर मालिकेत. बेस येईल, पण आवाज बराच उतरेल. नीट उपाय म्हणजे एका एफईटीचा (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) बफर, म्हणजे मध्ये बसवायचं छोटं सर्किट, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं, आवाज उतरत नाही. फोनो सॉकेटला मात्र जोडू नका.

---

वैशाली_जालना | १५ मे, सकाळी ९:३०

परभणीकर, आता दोष गेलाय तर किल्लारीकरांचा खोलीचा मुद्दा घ्या. बाबांची खुर्ची खोलीत कुठं आहे?

---

परभणीकर | १५ मे, सकाळी ९:४४

बरोबर मधोमध, पंख्याखाली. खोली बारा फूट लांब.

---

वैशाली_जालना | १५ मे, सकाळी १०:००

मग थोडा बेस अजून शिल्लक आहे. बारा फूट लांबीत ४७-४८ हर्ट्झच्या आसपासची लाट दोन भिंतींमध्ये अडकते. भिंतीजवळ तिचा जोर सगळ्यात जास्त, मधोमध सगळ्यात कमी. खुर्ची मागच्या भिंतीकडं दोन-तीन फूट सरकवा. तेवढ्यानंही खर्ज जास्त भरेल. स्पीकर कोपऱ्याकडं नेलेत तरी बेस वाढतो, पण जास्त नेलेत तर डग्गा घुमून ओघळतो, बोल वेगळे ऐकू येत नाहीत.

---

परभणीकर | १७ मे, रात्री ९:१५

खुर्ची सरकवली. फरक मला ऐकू आला, बाबांनाही. पण दुपारी परत पंख्याखाली आणून बसले. म्हणाले मे महिना आहे, खर्ज जुलैमध्ये ऐकू. म्हणून आज पंखाच मागं सरकवायचं ठरवलं, हूक मारायला माणूस उद्या येतोय.

---

गोदाकाठ | १९ मे, रात्री १०:०५

एक मेगओहमचे दोन रेझिस्टर लावले. आवाज निम्म्याहून कमी झाला, पण ढोलकीची डावी बाजू आली! आजोबांची कव्वाली लावली होती, हार्मोनियमखाली ती चालतेय हे मला आजवर माहीतच नव्हतं. काका, बफरचं सर्किट कागदावर काढून फोटो टाकाल का? डागणं मला जमतं.

---

रेडिओकाका | १९ मे, रात्री १०:२२

उद्या सकाळी टाकतो. एफईटीचे पाय उलटे लावू नका, चपटी बाजू कुठं ते चित्रात दाखवतो.

---

परभणीकर | १९ मे, रात्री १०:३०

गोदाकाठ, नांदेड-परभणी दीड-दोन तासांचंच अंतर. ती कव्वाली घेऊन एखाद्या रविवारी या. बाबांकडं ढोलकीच्या आणखी तीन आहेत. संध्याकाळी सातनंतर या, तोवर ऊन उतरतं आणि लाईट बहुधा टिकते.